पोपटी रंगाखालचा आकडा

त्या गल्लीत नवा कुरिअरवाला आला की लोक त्याला घर क्रमांक सांगत नसत. "सरळ जा, डोळे दिपले की थांब," एवढंच सांगत. कारण त्या घराचं फाटक पोपटी होतं, कुंपण पोपटी होतं, पाण्याची टाकी, पत्रपेटी, बागेतला नळ, सगळं पोपटी. एकदा एक कासव बागेत ऊन खात जरा जास्तच वेळ स्वस्थ बसलं म्हणे. आता खरंखोटं त्या कासवालाच ठाऊक. पण त्या वर्षी पलीकडच्या तळ्यात लोकांनी एक पोपटी दगड पोहताना पाहिला, याबद्दल गल्लीत दुमत नाही!

घरमालक उभं आयुष्य पेंटर होता. एका कारखान्याने चुकून भलताच रंग मागवला आणि मग नकोसा झालेला तो रंग याच्या गळ्यात मारला. पिंपंच्या पिंपं. वर्षं उलटली, पेंटर निवृत्त झाला, तरी रंग काही संपेना. लोक त्यांना पोपटीकाका म्हणू लागले आणि काकांनीही ते नाव रंगासारखंच आनंदाने अंगाला लावून घेतलं.

काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे एक वाक्य: "काही होत नाही!" वायर उघडी आहे? काही होत नाही. शिडीची पायरी हलतेय? काही होत नाही. एकदा तीच पायरी तुटली तेव्हा काका वरून हे वाक्य म्हणतच निघाले आणि खाली पोहोचेपर्यंत त्यांनी ते पूर्णही केलं. नशिबाने खाली वाळूचा ढीग होता. त्यामुळे काकांच्या दृष्टीने वाक्य खरंच ठरलं.

तर अशा या काकांची एकुलती एक मुलगी घर सोडून निघाली होती.

ठकू. खरं नाव वेगळं, पण बाहुलीएवढी होती तेव्हापासून ठकू, आणि आता स्वतःची मुलगी शाळेत जाऊ लागली तरी ठकूच. घाटापलीकडच्या गावातल्या मोठ्या ग्रंथालयात तिला नोकरी मिळाली होती. नवरा आधीच जाऊन घर लावत होता. इतके दिवस ठकू आईवडिलांच्या शेजारच्याच घरात राहायची. सकाळी कुंपणावरून चहाची किटली इकडून तिकडे जायची आणि छोटी मुंगी, म्हणजे ठकूची मुलगी, कुंपणाखालून.

ती जाणार याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. ठकू पुस्तकं खोक्यात भरत होती, काकू शिवणयंत्रावर मान खाली घालून बसल्या होत्या. आणि काका? काका ट्रेलर भरत होते.

ट्रेलर म्हणजे जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची उघडी गाडी. शिड्या आणि रंगाची पिंपं न्यायला काकांनी ती कधीकाळी घेतली होती. अर्थातच पोपटी.

"बाबा, हे कपाट कशाला? तिकडे भिंतीतली कपाटं आहेत."

"भिंतीतलं कपाट भिंतीचं. हे तुझं."

"आणि हा लोखंडी पलंग?"

"मुंगी मोठी होणार नाही का?"

"बाबा, लिंबाचं झाड!"

"तूच लावलंस ना? मग!"

झाड पिंपात होतं, पिंप मातीने भरलेलं होतं, आणि ते ट्रेलरवर चढवायला गल्लीतली सहा धट्टीकट्टी माणसं लागली. त्यातला एक अजून वाकूनच चालतो असं सांगतात. पाठोपाठ दगडी बाक चढलं, ठकूचं अभ्यासाचं टेबल चढलं, काकूंचं जुनं शिवणयंत्र चढलं. "जाऊ नकोस" हे दोन शब्द काकांच्या तोंडून काही निघत नव्हते. म्हणून ते त्या दोन शब्दांऐवजी एकेक वस्तू उचलून ट्रेलरवर ठेवत होते.

सगळ्यात शेवटी त्यांनी मधल्या खोलीच्या दाराची एक उभी फळी सोडवून आणली आणि चादरीत गुंडाळून सगळ्यात वर ठेवली. या फळीवर ठकूची उंची होती. पेन्सिलीच्या रेघा, रेघेशेजारी आकडा, दर वाढदिवसाला एक. उभ्या घरात रंग न लागलेली तेवढीच एक जागा. दरवेळी रंग देताना काका तिच्या कडेने चिकटपट्टी लावत आणि श्वास रोखून तिच्याभोवतीने ब्रश फिरवत.

काका निष्काळजी होते असं मात्र कुणी म्हणू नये. वजन मोजायला ते ट्रेलर घेऊन कोपऱ्यापलीकडच्या वजनकाट्यावर स्वतः गेले. शेजारी काकू बसल्या होत्या. ट्रेलर जीपपासून सोडवून काट्यावर उभा केला. काट्यावरच्या बाई लोकरीचं विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि सुई थांबवली.

"तेराशे किलो. काय हो, घर उपटून आणलंत की काय?"

"लेक चाललीय," काका म्हणाले.

"मग बरोबर," बाई म्हणाल्या आणि परत विणू लागल्या.

काकांनी जीपच्या पुस्तकातलं पान आधीच पाठ केलं होतं. ही जीप दीड टन ओढू शकते. दीड टन म्हणजे पंधराशे. तेराशे म्हणजे आतच. "बघ! वर दोनशे किलो हातचे आहेत. अजून एक बाक मावेल."

परत येताना गल्लीच्या उतारावर मागून आवाज आला. खट्!

"काय वाजलं?" काकूंनी मान वळवली.

"काही होत नाही," काका म्हणाले. "जुनं लोखंड आहे, बोलतं कधीकधी."

काकूंनी आयुष्यभर गल्लीतल्या पोरांची दप्तरं शिवली होती, आणि दप्तर कुठे बोलतं ते त्यांना माहीत होतं. घरी पोहोचताच त्या उतरल्या, मागे गेल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. जीपच्या मागच्या दांड्यावर एक लोखंडी गोळा होता. ट्रेलरच्या टोकाला उलट्या वाटीसारखा भाग होता, तो त्या गोळ्यावर बसायचा. दांडा एका पिनेने अडकवलेला, शिवाय एक साखळी. सगळं एकजात पोपटी.

"अहो, हा गोळा किती पेलतो?"

"पंधराशे. सांगितलं ना."

"ते जीपचं सांगितलंत. गोळ्याचं विचारतेय."

"अगं, जीपला जोडलेला आहे ना तो? मग जीपचं तेच त्याचं."

"असं कसं? माझं आडनाव तुम्हाला जोडलेलं आहे, म्हणून मी तुमच्यासारखी घोरते का?"

ठकू खोक्यावर चिकटपट्टी लावता लावता हसली. काका चिडले. "इतकी वर्षं ओढतोय मी ट्रेलर! काही झालंय का?"

"इतकी वर्षं शिड्या ओढल्यात. दगडी बाक ओढलं नव्हतं."

"लोखंड आहे ते! तुझ्या दप्तराचा दोरा नाही."

"तेच सांगतेय," काकू शांतपणे म्हणाल्या. "माझ्याकडे दप्तर दुरुस्तीला येतं ना, त्याचं कापड कधी फाटलेलं नसतं. पट्टाही धड असतो. तुटलेलं असतं ते बक्कल. प्लास्टिकचं, एवढंसं. आई म्हणते, अहो कापड किती चांगलं घेतलं होतं! कापडाला काय करायचंय? दप्तर बकलाला लटकलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक बकलाला इस्त्री टांगून बघते. या गोळ्याला तुम्ही कधी काय टांगून बघितलंत?"

"त्याच्यावर कुठेतरी आकडा असेल की नाही लिहिलेला?" ठकू मध्येच म्हणाली. "तिकडे ग्रंथालयात लोखंडी कपाटांवर ठोकलेला असतो. एका फळीवर किती किलो पुस्तकं ते."

"असेल," काका पुटपुटले. "रंगाखाली."

"मग खरवडा."

"आत्ताच दुसरा हात दिलाय! उद्या सकाळी निघायचंय. काही होत नाही गं, कशाला—"

"बरं," काकू म्हणाल्या. "काही झालंच समजा. घाटात. तुम्ही चढावर आहात आणि हा सुटला. तर कुठे जाईल?"

"खाली जाईल."

"खाली कोण असेल?"

काकांनी वळून ठकूकडे पाहिलं.

जीप पुढे, जीपमागे ट्रेलर आणि ट्रेलरमागे ठकूची छोटी गाडी. हे त्यांनीच ठरवलं होतं. "तू माझ्या मागेच राहा ठकू, म्हणजे मला आरशात दिसशील." ठकू आणि तिच्या शेजारी पट्टा बांधून बसलेली मुंगी. त्यांच्यावर चढावरून उलटी येणारी तेराशे किलोंची माया!

मुंगी ट्रेलरवरच्या बाकावर बसून पाय हलवत होती. ठकूने तिला उचलून खाली घेतलं.

काकूंनी ट्रेलर जीपपासून सोडवायला लावला, आतून आपलं शिवणकामाचं बुटकं स्टूल आणलं, काकांच्या पेटीतली पातळ पात्याची खरवडणी घेतली आणि जीपच्या मागे ठाण मांडलं. पहिला पोपटी कपचा उडाला, त्याखाली पोपटी. तो उडाला, त्याखाली जरा फिका पोपटी. खवल्यांचा ढीग साचू लागला. एवढे थर होते की काकू खरवडत खरवडत आपल्या लग्नापर्यंत पोहोचतात की काय असं वाटावं!

काका थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "अशी धरतात का खरवडणी? आडवी धर. हात कापशील."

"मग तुम्ही धरा."

काका खाली बसले. पेंटरचा हात तो, रंग चढवायला जेवढा सराईत तेवढाच उतरवायलाही. गोळ्याचा माथा उघडा पडला. राखाडी, थंड. त्यांनी फडक्याने पुसलं आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

"काय आहे?" ठकूने विचारलं.

काकांनी पुन्हा पुसलं. पुसल्याने आकडा बदलेल अशी त्यांना आशा असावी.

"साडेसातशे," ते म्हणाले.

पंधराशे नाही, तेराशे नाही. साडेसातशे! आता त्यांना आठवलं. हा गोळा जीपबरोबर आलाच नव्हता. एका मित्राने होडी विकली, तिच्या छोट्या ट्रेलरचा हा गोळा त्याने असाच देऊन टाकला होता. मापात बसला, काकांनी बसवला आणि दुसऱ्या दिवशी रंगवून टाकला. होडी प्लायवुडची होती. दोन माणसं ती डोक्यावर घेऊन चालत.

"आणि हे काय?" काकूंनी बोट ठेवलं.

गोळ्याच्या मानेशी रंगात केसाएवढी रेघ होती. काकांना ती सकाळीच दिसली होती. रंग तडकला असं वाटून निघताना तिथे ब्रशचं टोक टेकवायचं त्यांनी ठरवलं होतं. आता त्यांनी तिथे पातं हळूहळू फिरवलं. रंग निघाला. रेघ तशीच राहिली. रेघ लोखंडात होती!

उतारावर बोललेलं जुनं लोखंड हेच सांगत होतं तर.

काकांनी खरवडणी खाली ठेवली. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो, एक सांगा. ठकूच्या उंचीचे आकडे तुम्ही कधी रंगवलेत?"

"काहीतरीच काय!"

"का नाही रंगवलेत?"

"ते... ते महत्त्वाचे आहेत म्हणून."

"हेही त्याच पोरीचे आकडे आहेत," काकू म्हणाल्या. "ती फळी सांगते ती केवढी झाली. आणि हा गोळा सांगतो ती सुखरूप पोहोचेल की नाही. एकाला चिकटपट्टी लावलीत आणि दुसऱ्यावर ब्रश फिरवलात!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आंधळाच गं," ते म्हणाले. आणि मग एकदम उठले. "चला! सगळं खरवडायचं!"

आता त्या अंगणात जे सुरू झालं ते पाहायला गल्ली जमली. काका रंग काढतायत ही बातमी कासवापर्यंतही गेली असेल. वाटी खरवडली. तिच्या कडेला आकडा निघाला, एक हजार. दांडा खरवडला, पंधराशे. पिन दांड्याच्या जोडीची, धडधाकट. साखळीवर काहीच नव्हतं. ती कुठून आली होती? फाटकाला कुलूप लावायची होती ती! काकांनी ती कुणी पाहायच्या आत खिशात कोंबली, पण काकूंनी पाहिलीच.

"मी आत्ता जातो आणि पंधराशेचा नवा गोळा आणतो," काका म्हणाले. "साखळ्याही आणतो, आकडा ठोकलेल्या. मग झालं?"

"आणि वाटी?" ठकूने विचारलं.

"वाटीचं काय?"

"वाटी हजाराची आहे बाबा. गोळा कितीही मोठ्या आकड्याचा आणलात तरी वाटी हजारालाच दमणार. सगळ्यांत लहान आकडा ज्याचा, त्याचं ऐकायचं. त्याच्यापुढे जीपचं पुस्तक कितीही फुशारकी मारू दे."

"आणि त्या हजारात रिकाम्या ट्रेलरचं वजनही धरायचं," काकू म्हणाल्या. "दप्तर उचलताना पोरगं दप्तराचंही ओझं उचलतंच की."

काकांनी ट्रेलरकडे पाहिलं. कपाट, पलंग, बाक, यंत्र, टेबल, झाड. यातलं निम्मं खाली उतरवायचं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"काय काढू ठकू? तूच सांग. मला नाही काढता येणार," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तिकडे उठलीस की डोळ्यांसमोर घरच दिसलं पाहिजे. परक्या भिंतींत तुला... म्हणजे मुंगीला... करमलं नाही तर?"

ठकू त्यांच्या शेजारी येऊन बसली. पोपटी खवल्यांच्या ढिगातच बसली.

"बाबा, सगळं आजच नेलंत, तर परत यायला तुम्हाला कारण काय राहील?"

काकांनी मान वर केली.

"पलंग आणि टेबल उद्या नेऊ. कपाट पुढच्या फेरीत आणा. बाक त्याच्या पुढच्या."

"म्हणजे तीन फेऱ्या?"

"तीन तरी! वाटी ऐकत नाही ना. मी काय करणार?"

"आजोबा तीनदा येणार!" मुंगी ओरडली.

आणि काकांचा चेहरा असा उजळला की शेजारी म्हणतात, त्या दिवशी गल्लीतले दिवे तासभर उशिरा लावले तरी चाललं. अहो, किती वेळ त्या लोखंडाकडे ते शत्रूसारखे बघत होते! आणि तेच लोखंड त्यांना लेकीच्या घरी तीनदा धाडत होतं!

"आणि झाड?" काकूंनी विचारलं.

"झाड इथेच राहील," ठकू म्हणाली. "लिंबं मात्र दर फेरीला हवीत. ती हजारात बसतात."

नवा गोळा आला, वाटीच्या मापाचा. त्याच्यावर रंग नाही, फक्त ग्रीस. साखळ्या दोन आल्या, जोड सुटलाच तर ट्रेलरचं टोक पेलून धरायला, आणि खालून एकमेकींना फुली मारून बांधल्या. सामान उतरलं, उरलेलं नीट रचलं, जड जड चाकांवर आणि किंचित पुढच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर पुन्हा काट्यावर उभा राहिला तेव्हा काट्यावरच्या बाईंचं मफलर चांगलं लांब झालं होतं.

"नऊशे दहा," त्या म्हणाल्या. "का हो, लेक निम्मीच जातेय का?"

"निम्मी," काका म्हणाले. "बाकीची हप्त्याहप्त्याने."

घाटाच्या चढाला जीप लागली. ट्रेलर मागून मुकाट्याने येत होता, हाक मारल्यावर येणाऱ्या वासरासारखा. खट् नाही, खुट् नाही. काका दर वळणावर आरशात पाहत होते. ट्रेलरच्या कडेने छोटी गाडी दिसायची आणि तिच्या काचेतून एक चिमुकला हात हलायचा. काका ज्या ज्या वेळी तो हात पाहत, त्या त्या वेळी त्यांना केसाएवढी रेघ आठवे आणि त्यांचा हात काकूंच्या हाताकडे जाई. आणि दरवेळी काकू तो उचलून परत स्टिअरिंगवर ठेवत. "दोन्ही हातांनी चालवा."

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात पोपटी रंगाचा एक डबा असतो. लिफ्टमधली पाटी आपण वाचत नाही, आणखी एक जण आत घेतो. बाल्कनीच्या कठड्याला टेकून दहा जण फोटो काढतो. झोक्याचा दोर कधी बदलला ते आठवत नाही, पोराला मात्र वर चढवतो. आणि वरून "काही होत नाही" चा एक हात देऊन टाकतो. आपलं प्रेम कमी पडतं म्हणून हे घडतं असं नाही. उलट प्रेम दणकट असतं, गाडी दणकट असते, आणि सगळं लटकलेलं असतं कुठल्या तरी एवढ्याशा बकलाला. ओझं लादण्यापूर्वी खाली वाका, रंग खरवडा, जोडातल्या प्रत्येक भागाचा आकडा वाचा, आणि त्यातल्या सगळ्यात लहान आकड्याला मान द्या. ज्याच्यावर माया आहे तो आपल्या मागूनच येत असतो, एवढं विसरू नका!

नव्या घरी पोहोचल्यावर काकांनी सगळ्यात आधी चादरीतली फळी सोडली. दाराशेजारी उभी केली, मुंगीला तिच्याशी टेकवलं आणि ठकूच्या जुन्या रेघांशेजारी नवी रेघ ओढली. मग ते बाहेर पायरीवर येऊन बसले. समोर फाटक होतं. राखाडी, कोपऱ्यात जरासं गंजलेलं. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ठकू..."

"पुढच्या फेरीत, बाबा," आतून आवाज आला. "एकच डबा. आणि आधी वजन करून."